डाव्या पिळाचा दोर

चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी, जपानमधल्या एका डोंगराळ गावाच्या सामुराई मिरवणुकीत नागभीड तालुक्यातले दोघे जण पायदळातले सैनिक म्हणून चालले. एक माझे वडील, वय अडुसष्ट, धंदा धानाची शेती. दुसरा मी. मिरवणूक सकाळी दहाला निघाली आणि दुपारी दोनच्या सुमारास संपली. पाऊस नव्हता.

एरवी ही गोष्ट मला आठवत नाही. भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान कापणीला आले की आठवते. चंद्रपुराहून मी दरवर्षी या दिवसांत आठवडाभर गावी येतो. सकाळी बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, धुके असते. पाण्याच्या काठापासून ते हळूहळू वर सरकते आणि बांध्यांवरून, म्हणजे धानाच्या वाफ्यांवरून, जाताना कापलेल्या धानाचा वास सोबत नेते. त्या वासात ओल असते, थोडा गोडवा असतो आणि तळाशी मातीचा आंबटपणा. धुक्याच्या पलीकडे बायका घोळक्याने येत असतात. जंगल जवळ आहे, वाघाची ये-जा आहे, म्हणून एकटे कोणी बांधीत उतरत नाही. आधी बोलणे ऐकू येते, मग विळे दिसतात, मग माणसे. त्या तेवढ्या अवधीत, बोलणे ऐकू येते पण माणसे दिसत नाहीत तेव्हा, मी नेमका कोणत्या देशात उभा आहे हे सांगता येत नाही.

तिथेही असेच धुके होते. तिथेही धान कापून झाले होते. पेंढ्या बांबूच्या आडव्या दांड्यांवर उलट्या टांगून वाळत घातल्या होत्या. दुरून पाहिले तर पिवळी घोंगडी पांघरून माणसे रांगेत बसल्यासारखी वाटत. बाबा पहिल्या सकाळी त्या रांगेजवळ गेले, एक पेंढी उलटी करून बंध पाहिला, हुंगला आणि म्हणाले, "वास तं आपलाच हाय."

मग त्यांनी विचारले, "वाघ हाय का इथी?"

"अस्वल हाय," वैशाली म्हणाली.

"मंग ठीक हाय."

वैशाली माझी धाकटी बहीण. नर्सिंगचे शिक्षण गडचिरोलीत झाले. त्या गावातल्या वृद्धांच्या निवासात ती तीन वर्षे काम करत होती. डिसेंबरात तिचा करार संपत होता. पुढे राहायचे असेल तर मिरवणुकीनंतरच्या सोमवारी फॉर्म भरून द्यायचा होता. बाबा जपानला गेले ते मिरवणूक पाहायला नाही. ते तिला परत आणायला गेले होते. आई गेल्यापासून घरात ते एकटे होते. निघायच्या आदल्या दिवशी चावडीसमोर त्यांनी चारचौघांत सांगितले होते, "पोरीले घेऊनच येतो." शेजारचे गोविंदाभाऊ त्यावर म्हणाले होते, "पाह्य बापा, नाईतं तुलेच ठेवून घेतीन थे."

बाबांनी सोबत घरचा तांदूळ घेतला होता. पिशवीला तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचा, बंध होता, कारण सुतळी दिसली तरी त्यांचा हात तणसाकडेच जातो. तिथल्या विमानतळावर तांदूळ आणि बंध दोन्ही काढून घेतले. बाहेरचे धान्य नाही, तणस तर मुळीच नाही, असा नियम होता आणि तो योग्यच होता. अधिकाऱ्याने तो बंध हातमोजे घालून वेगळ्या पिशवीत ठेवला. बाबांनी मला विचारले, "तांदळाचं समजलं. तणसाचं थे काय करतीन?"

पहिल्याच संध्याकाळी बोलणे झाले. वैशालीच्या खोलीत बसके टेबल होते. बाबा एका बाजूला, ती समोर.

"गडचिरोलीले नर्सा नाई पाहिजेत काऊन?"

"पाहिजेत नं, बाबा."

"इथले म्हतारे सांभाळाले तू सात समुद्र पार. अन माह्या म्हतारपणाले कोन?"

"तुमी कुठी म्हतारे झाले अजून?"

"हसून राह्यली का?"

"नाई. रविवारची मिरवणूक होऊ द्या. तुमी चाला तिच्यात. मंग बोलू."

"मी कायले चालू?"

"माणसं कमी हायत."

ते खरे होते. त्या गावात दर मोहल्ल्याची एक तुकडी असे. जुन्या काळच्या एका लढाईला इथून सैन्य निघाले होते, त्याची आठवण म्हणून मिरवणूक. तरुण शहरात गेले होते. वैशालीच्या मोहल्ल्याच्या तुकडीत बारा जण लागत आणि नऊ जमले होते. निवासातला एक स्वयंपाकी तयार झाला. उरलेले दोन आम्ही.

माणसांपेक्षा मोठी अडचण पायांची होती. या तुकडीचे सैनिक तणसाच्या वहाणा घालून चालत. बाकीच्या तुकड्या केव्हाच रबरी तळव्याच्या कापडी जोड्यांवर गेल्या होत्या. या एका मोहल्ल्याच्या वहाणा मोरितासान नावाचे म्हातारे गृहस्थ वळत आले होते. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि ते निवासात आले. बोटांत जोर उरला नव्हता. वळून दाखवता येई, आवळता येत नसे. जुने नऊ जोड शिल्लक होते. तीन कमी पडत होते. समितीच्या माणसाने रबरी जोड्यांची पेटी आणून दाराशी ठेवली होती. मोरितासानांनी सांगितले होते की तुकडी रबरावर चालली तर आपण खिडकीचा पडदा उघडणार नाही.

त्यांचे एकही वाक्य मला मूळचे समजलेले नाही. ते बोलत आणि वैशाली आम्हाला सांगे. त्यामुळे माझ्या आठवणीत तो जपानी म्हातारा कायम झाडीबोलीत बोलतो. "थे म्हणून राह्यले, तुमच्याकडे धान होते तं तुमाले दोर वळता येत असंन."

बाबा म्हणाले, "येत असंन म्हणजे?"

निवासाच्या दिवाणखान्यात ताडपत्री अंथरली. तणस लाकडी मोगरीने कुटून मऊ केलेले होते, त्यावर पाणी शिंपडलेले. बाबांनी चप्पल काढली, मांडी घातली, मूठभर तणस घेऊन दोन पदर केले आणि तळहातांमध्ये वळायला सुरुवात केली. खुर्च्यांवरचे म्हातारे-म्हाताऱ्या पुढे झुकून पाहू लागले. खोलीत बराच वेळ तेवढाच आवाज होता, तणस तळहातावर घासल्याचा, कोरड्या पानांतून सरपटणारे काही जावे तसा. दोन हात लांबीचा दोर पंधरा मिनिटांत झाला. एकसारखा होता. वैशालीने तो मोरितासानांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी डोळे मिटून दोरावरून बोटे फिरवली. मग मान हलवली.

"काय म्हणते?"

वैशाली म्हणाली, "दोर लय चांगला हाय म्हणते. पण हा पायात नाई चालत. हा देवाचा हाय."

आमच्या घरचा पीळ डावा आहे. उजवा तळहात पुढे ढकलला की दोराला एक पीळ बसतो, मागे ओढला की उलटा. गावात सगळे पुढे ढकलतात. आजोबा डावखुरे नव्हते, बाबाही नाहीत. पण पणजोबा होते. आजोबा त्यांच्याकडून शिकले, बाबा आजोबांकडून, आणि तेव्हापासून आमच्या पेंढ्यांचे बंध उलट्या पिळाचे. याचा एक उपयोग होता. सामाईक खळ्यावर पुंजणी, म्हणजे पेंढ्यांच्या गंजी, एकमेकांत मिसळली तरी आमच्या पेंढ्या ओळखू येत. गोविंदाभाऊ म्हणत, "जे उलटं दिसंन थे यायच्या घरचं."

जपानात डाव्या पिळाचा दोर देवळाच्या कमानीला बांधतात. माणसाच्या वापराला उजवा. हे मोरितासानांनी सांगितले, वैशालीने आम्हाला सांगितले आणि बाबांनी दोर परत हातात घेऊन उलटसुलट पाहिला. साठ वर्षे पेंढ्या बांधल्या तो हात देवाचा निघाला होता, आणि आमच्या घरी तर छप्पन साली आजोबांनी देव्हारा उचलून ठेवला तो ठेवलाच.

"मंग उजवा वळतो. त्यात काय हाय," बाबा म्हणाले.

ते मोरितासानांच्या खुर्चीसमोर बसले. म्हातारे हळूहळू हात हलवून दाखवत, बाबा पाहत आणि तसेच करत. दोर झाला. तो डावा होता. पुन्हा केला. पुन्हा डावा. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या हाताच्या बाजूला येतो. त्याचा पुढे जाणारा हात पाहून आपला नेमका दुसरा हात पुढे जातो. आजोबाही पणजोबांसमोर असेच बसले असते, तर पीळ तेव्हाच सुलटला असता. ते शेजारी बसून शिकले असावेत. याला पुरावा नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. रबरी जोड्यांची पेटी दाराशी होती. बुधवारी दुपारी वैशालीने खुर्ची बाजूला सारली, दोन म्हाताऱ्या बायांच्या मदतीने मोरितासानांना खाली ताडपत्रीवर उतरवले, भिंतीला टेकवून बसवले आणि बाबांना म्हणाली, "समोर नोका बसू. यायच्या बाजूले बसा. मांडीले मांडी लावून."

बाबा बसले. दोघांचे हात एकाच दिशेला होते. मोरितासानांचा कोपर पुढे गेला की तो बाबांच्या कोपराला लागे आणि बाबांचाही पुढे जाई. दोघेही खाली पाहत होते. खिडकीबाहेर एक झाड होते, पाने गळालेले, नारिंगी फळांनी भरलेले. ऊन त्या फळांवरून खाली येऊन तणसावर पडत होते. दोर वाढत गेला आणि तो उजवा होता.

बाबांनी नंतर ते झाड जवळून पाहिले. एक फळ हातात घेऊन देठाजवळची चार पाने दाखवली. "बापू, हे तं टेंभरूनच हाय. लाडात वाढलं म्हणून मोठं झालं." नंतर मी विचारून घेतले. ते बरोबर होते, ते झाड आणि आपला तेंदू एकाच कुळातले आहेत.

वहाण विणायला दोर स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांत अडकवून ताणतात आणि त्यातून तणस खालीवर घालत जातात. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रोज एक जोड झाला. संध्याकाळी बाबांच्या अंगठ्यांना दोराचे लाल वळ असत. वैशाली ड्युटी संपवून येई, त्यांच्या शेजारी ताडपत्रीवर बसे आणि अंगठ्यांना मलम लावे. समोरासमोर बसून बोलायचे जे राहिले होते ते त्या आठवड्यात कोणी काढले नाही. ती त्यांच्या शेजारी बसून दोर वळायला शिकत होती. तिचा पहिला दोर मधेच जाड, मधेच बारीक झाला.

"अजगरानं बकरी गिळल्यावानी दिसून राह्यला," बाबा म्हणाले.

"तुमचा पहिला कसा होता?"

"तुह्या आज्यानं चुलीत टाकला."

रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात आम्हाला वेश चढवले. काळ्या पट्ट्यांचे चिलखत, नडगीला कापडी पट्ट्या, डोक्यावर सुपासारखी टोकदार टोपी. बाबांना भाला मिळाला, मला पाठीला बांधायचा उंच झेंडा. बाबा तरुणपणी गावच्या नाटकात एकदा भालदार झाले होते. एकही वाक्य नव्हते. त्यांनी विचारले, "इथी बोलाचं हाय का काही?"

वैशालीने सांगितले, "सरदार दोनदा 'ए, ए' म्हणते. मंग सगळ्यानं 'ओ' म्हणाचं."

"बस?"

"बस."

मिरवणूक निघाली तेव्हा धुके उठत होते. पुढे घोडे होते, ते आधी ऐकू आले. मग ढोल. मग रस्त्याच्या वळणावर झेंडे दिसले, खाली माणसे नसल्यासारखे, नुसते तरंगत जाणारे. तणसाच्या वहाणेला आवाज नसतो. बाकीच्या तुकड्या जाताना पावले ऐकू येत, आमची तुकडी जाताना येत नसत. रस्ता ओला होता आणि तळव्यांना गार लागत होता. मला त्या वेळी वाटत होते की आम्ही बांधीच्या धुऱ्यावरून, मातीच्या बांधावरून, चाललो आहोत आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे धान आहे. ती वाऱ्याने हलत होती, असे आठवते. तसे ते हलण्याचे कारण नाही.

पहिल्या चौकात सरदाराने तलवार उपसून "ए, ए" केले. अकरा जणांनी "ओ" म्हटले. त्यानंतर अर्ध्या क्षणाने बाबांचा आवाज आला, "जय भीम." पुढच्या चौकातही तेच झाले. तिसऱ्या चौकापर्यंत आमच्या पुढचा स्वयंपाकी त्यांच्या सोबत "भीम" म्हणू लागला होता.

वृद्धांच्या निवासासमोर तुकडी थांबते, अशी पद्धत आहे. फाटकाजवळ चाकांच्या खुर्च्यांची रांग होती. मोरितासान टोकाला होते, मांडीवर घोंगडी, मागे वैशाली. ते बाहेर आले होते. त्यांनी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. ते पाय पाहत गेले, डावीकडून उजवीकडे, बोटाने मोजत. चोवीसपर्यंत मोजून त्यांनी हात खाली घेतला आणि मागे वळून वैशालीला काहीतरी म्हणाले. बाबा भाला धरून सरळ उभे होते. वैशालीने ते वाक्य आम्हाला तेव्हा सांगितले नाही.

मिरवणूक टेकडीवरच्या देवळापाशी संपली. लाकडी कमान होती. तिच्या आडव्या तुळईला दोन हात लांबीचा एक नवा दोर बांधलेला होता. बाबांनी टोपी मागे सरकवून वर पाहिले.

"हा माहा हाय."

"तुमचाच," वैशाली म्हणाली. "मोरितासानानं पाठवला."

"कोणता देव हाय?"

"धानाचा."

बाबांनी टोपी परत पुढे ओढली. मग म्हणाले, "देव त्यायचा. दोर माहा." आणि कमानीखालून न जाता बाजूच्या पायवाटेने खाली उतरले. उतरताना वैशालीला म्हणाले, "तो म्हतारा काय म्हणला तुले, फाटकापाशी?"

"म्हणला, पुढच्या साली कोन वळंन."

सोमवारी सकाळी वैशालीचा फॉर्म टेबलावर होता. बाबा चहा घेऊन आले आणि समोर न बसता तिच्या बाजूला बसले.

"याच्यावर बापाची सही लागते का?"

"नाई लागत, बाबा."

"कुठी करू?"

तिने बोट ठेवले. त्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहिले, मराठीत, जिथे कोणाचीही सही अपेक्षित नव्हती तिथे. मग पेनाचे टोपण लावले. वैशालीने तो फॉर्म जमा केला नाही. दुसरा भरून दिला. पहिला तिच्याकडे आहे.

आम्ही बुधवारी परत आलो. बाबांना घ्यायला गोविंदाभाऊ नागभीडच्या स्टेशनवर आले होते. त्यांनी आमच्या मागे पाहिले, मग आमच्याकडे. "पोरगी?"

"तिले काम हाय," बाबा म्हणाले. "धान कापलं का माहं?"

त्यानंतर वैशाली दर उन्हाळ्यात तीन आठवड्यांसाठी येते. फोन रविवारी येतो. कधी परत येशील, हा प्रश्न मी या चार वर्षांत बाबांच्या तोंडून ऐकलेला नाही. तो त्यांच्या मनात नाही, असे मी लिहू शकत नाही. संध्याकाळी ते ओट्यावर बसतात आणि रिकाम्या हातांनी तळवे एकमेकांवर घासतात. ते थंडीमुळेही असू शकेल.

मोरितासान दोन वर्षांपूर्वी वसंतात गेले. त्या नोव्हेंबरात बारा जोडांपैकी पाच वैशालीने वळले. गेल्या वर्षी नऊ. या वर्षी बारा, त्यांत निवासातल्या दोन बायांचा हात आहे. सगळे उजव्या पिळाचे. कमानीचा दोर मात्र जीर्ण झाला होता. तो बदलायचा तर डावा पीळ हवा आणि उजवा पक्का बसल्यामुळे तिच्या हाताला आता डावा जमेना.

गेल्या मंगळवारी तिचा फोन आला तेव्हा आम्ही खळ्यावर होतो. अर्धे धान पुंजण्यात लागले होते. बाबा खाली बसून बंध वळत होते. मी फोन त्यांच्या समोर धरला.

"असा नोको, दादा," ती म्हणाली. "समोरून उलटं दिसते. बाबांच्या मागं जा."

मी मागे गेलो. त्यांच्या उजव्या खांद्यावरून फोन खाली धरला, इतका जवळ की पडद्यावर फक्त त्यांचे दोन हात आणि तणस दिसत होते.

"दिसून राह्यलं?" बाबांनी विचारले.

"दिसून राह्यलं."

"आता मी वढतो, तूबी वढ."

फोनमधून तणस घासल्याचा आवाज येत होता आणि तो खळ्यावरच्या आवाजापेक्षा थोडा मागे पडत होता. बायका पुंजण्याआड पेंढ्या टाकत होत्या. धुके अजून पूर्ण गेले नव्हते. माझा हात अवघडला तरी मी तो हलवला नाही. पाऊण तासात बाबांचा दोर पुंजण्याच्या उंचीएवढा झाला. तो कशालाच लागत नव्हता. त्यांनी तो गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"तुहा कसा झाला?"

"अजगरावानी नाई झाला."

"बांधला का दाखवजो."

रविवारी दुपारी फोटो आला. देवळाची कमान आहे, दोर तुळईला बांधलेला आहे. खाली तणसाच्या वहाणा घातलेले बारा जण उभे आहेत, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी वैशाली, हातात भाला. बाबांनी चष्मा लावून दोर पाहिला. मी फोटो मोठा करून पाहिला. पीळ डावा आहे.